जुनी बाटली फेकू नकोस

चि. भाचीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा आनंद दिसला, दुसऱ्यांदा एक वाक्य टोचलं. तू लिहिलंयस, 'तीन वेळा अभिक्रिया छान झाली, चौथ्यांदा काहीच मिळालं नाही, माझाच हात चुकला असणार.' आणि त्याच्या चार ओळी वर, अगदी सहज: 'मँगनीज क्लोराइडची जुनी बाटली संपत आली म्हणून नवी फोडली.'

ती जुनी बाटली कुठे आहे? टाकून दिली असशील तर आधी जाऊन शोध, मग पुढचं वाच. तळाशी चिमूटभर उरलं असेल तरी पुरे. झाकण घट्ट लाव, वर पॅराफिन फिल्म गुंडाळ, लेबलावरचा लॉट नंबर वहीत उतरव आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवून ठेव. तुझा हात चुकलाय असं मला वाटत नाही. त्या बाटलीत तुझ्या उत्प्रेरकाशिवाय, म्हणजे अभिक्रिया घडवून स्वतः न संपणाऱ्या मँगनीजशिवाय, आणखी कुणीतरी राहत होतं, असा मला संशय आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. क्रोमियम क्लोराइड वापरून व्हायनिल हॅलाइड आणि आल्डिहाइड ही दोन कार्बनी संयुगं जोडायची एक अभिक्रिया आहे, आज ती नोझाकी-हियामा-किशी या नावानं ओळखली जाते. सुरुवातीला ती फार लहरी होती. एका बाटलीतल्या क्रोमियमनं उत्तम चालायची, दुसऱ्या बाटलीतल्यानं हलायची नाही. अखेर १९८६ मध्ये जपानमध्ये ताकाई-नोझाकी यांच्या गटाला आणि अमेरिकेत पॅलिटॉक्सिन नावाचा प्रचंड रेणू बांधू पाहणाऱ्या किशींच्या गटाला, स्वतंत्रपणे, एकच उत्तर सापडलं. चालणाऱ्या बाटल्यांमध्ये निकेलचा अंश होता. खरी सुरुवात निकेल करून देत होतं. तेव्हापासून लोक शुद्ध क्रोमियम घेतात आणि निकेल क्लोराइड मोजून घालतात. चोरून आलेल्याला रीतसर आमंत्रण मिळालं.

आता तुझ्या बाबतीतला हिशोब कर. तू ५ मोल टक्के, म्हणजे अभिकारकाच्या दर १०० रेणूंमागे ५, मँगनीज घालतेस. बाटलीवर शुद्धता ९९ टक्के आहे असं धरू. म्हणजे ढोबळमानानं अभिकारकाच्या ०.०५ टक्के, १० लाख रेणूंमागे ५०० इतकी जागा 'इतर' कुणासाठी मोकळी आहे. तेवढ्या पॅलेडियमवर (जोडणीचा नावाजलेला उत्प्रेरक धातू) तुझ्यासारखी, दोन रेणू सांधायची जोडणी आरामात पार पडते; त्याच्या शंभराव्या हिश्श्यावरही पडल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे '९९ टक्के' वाचून निश्चिंत होऊ नकोस. नजर उरलेल्या १ टक्क्यावर ठेव.

तू ज्या क्षेत्रात आली आहेस त्याच्याबद्दल माझं एकच सांगणं आहे आणि ते या बाटलीत मावतं. आपण फ्लास्कमध्ये काय घातलं हे वहीत असतं, ते कुणीही सांगेल. जे घातलं नव्हतं तेही तिथे असतं, आणि असेंद्रिय व ऑर्गॅनोमेटॅलिक (धातू-कार्बन बंधांच्या) रसायनशास्त्रातलं निम्मं शहाणपण त्याचा माग काढण्यात जातं. हवा, पाणी, ग्रीस, काचेवरचा मागच्या प्रयोगाचा अंश, द्रावकातला स्थिरक. कार्बनी रसायनात अशी भेसळ बहुतेकदा नुसतीच भेसळ असते, गाळून टाकता येते. धातूंच्या बाबतीत भेसळच कधीकधी सगळा खेळ चालवते, कारण एक अणू हजारो वेळा वापरला जातो.

कार्ल त्सिगलर यांची गोष्ट तुला माहीत असेल, पण तुला सांगताना ती कदाचित 'नशीब' म्हणून सांगितली गेली असेल. १९५३ च्या सुमारास म्युलहाइमच्या त्यांच्या संस्थेत ट्रायइथिल ॲल्युमिनियमवर एथिलीनचे दुवे चढवत लांब साखळ्या करण्याचं काम चालू होतं. एकदा साखळ्या वाढायच्याच थांबल्या. दोन एथिलीन जोडून नुसतं ब्युटीन हाती आलं. बिघडलेला प्रयोग. तो 'हात चुकला' म्हणून सोडून दिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मात्र पोलादी ऑटोक्लेव्हची (दाबाखाली अभिक्रिया करायच्या भांड्याची) खोदून चौकशी केली आणि भांड्यात राहिलेला निकेलचा अंश सापडला. मग त्यांनी प्रश्न उलटा केला: निकेलसारखा अंश साखळी तोडत असेल, तर दुसरा एखादा धातू ती वाढवेल का? एकेक धातूचं संयुग घालून पाहिलं. झिर्कोनियमशी आले, टायटॅनियमशी आले, आणि साध्या दाबाला पॉलिएथिलीन मिळालं. १९६३ चं नोबेल त्सिगलर आणि त्यांचं काम पुढे नेणारे नात्ता यांना मिळालं. नशिबानं त्यांना निकेल दिलं, एवढं खरं. पण तसं निकेल त्या काळच्या किती पोलादी भांड्यांत असेल!

बरं, संशय आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. सिद्ध कसं करायचं? काढून बघायचं आणि घालून बघायचं. दोन्ही. नुसतं काढून भागत नाही, कारण शुद्धीकरणात आणखी काय काय निघून गेलं हे तुला कळत नाही. त्साइझे नावाच्या डॅनिश रसायनतज्ज्ञानं १८२० च्या दशकात प्लॅटिनम क्लोराइड आणि अल्कोहोल एकत्र तापवून पिवळा क्षार मिळवला आणि सांगितलं, यात एथिलीन आहे. लीबिगसारखा दबदब्याचा माणूस त्याच्यावर तुटून पडला. वाद चिघळला. अल्कोहोलपासून काय झालं असेल नि काय नाही यावर दोघंही हवं तेवढं भांडू शकत होते. पुढे १८६८ मध्ये बर्नबाउम यांनी एथिलीनच घेतलं, प्लॅटिनममध्ये सोडलं, आणि तोच क्षार मिळाला. पाहुण्याला समोरच्या दारानं बोलावून बघितलं की तो कोण हे कळतं.

तेव्हा तू हे कर. जुन्या बाटलीतलं मँगनीज आणि नव्या बाटलीतलं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच द्रावकात, शेजारी शेजारी लाव. दोन्हींचे नमुने आयसीपी-एमएसला (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राला) दे. पॅलेडियम, तांबं, निकेल, कोबाल्ट, लोखंड एवढे धातू नाव घेऊन बघायला सांग, नाहीतर ते मँगनीज मोजून परत पाठवतील. मग नव्या बाटलीतलं मँगनीज घेऊन केलेल्या प्रयोगात संशयिताचा दशलक्षांश घालून बघ. आणि मँगनीज अजिबात न घालता एक प्रयोग कर. हा शेवटचा सगळ्यात स्वस्त असतो आणि नेमका तोच लोक करत नाहीत.

हो, तो करताना फ्लास्क ढवळायची चुंबकीय कांडी नवी घे. जुन्या टेफ्लॉनच्या कांड्यांवर काळे डाग असतात ना, ते धातूचे असतात. ॲसिडनं धुतल्यावरही चिरांमध्ये पुरेसे उरतात. माझ्या एका 'उत्प्रेरकाविना' झालेल्या अभिक्रियेचा उत्प्रेरक कांडीत होता. तीन आठवडे मी हवेत होते.

यात लाजण्यासारखं काही नाही. एरवी पॅलेडियमवर चालणारी सुझुकी जोडणी धातूशिवाय होते असा दावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दोन वर्षांनी त्याच गटानं स्वतःच फेरतपासणी केली: बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत असावं. धुण्याच्या सोड्याच्या जातीचा साधा क्षार! २००९ मध्ये बुचवाल्ड आणि बोल्म यांनी लोखंडाच्या काही जोडण्यांत तांब्याच्या दशलक्षांशाचा हात दाखवून दिला. पहिल्या गटाचा मला विशेष आदर वाटतो. दुसऱ्यानं चूक काढायच्या आत आपली आपण काढणं हे या धंद्यात फार कमी दिसतं.

आता तुझ्या स्फटिकाकडे येते. तू लिहिलंयस, 'एक्स-रे रचना मिळाली, आर-मूल्य ३ टक्के, आता शंका उरली नाही.' (आर-मूल्य म्हणजे रचना मोजमापाशी किती जुळत नाही याचा आकडा, कमी तितका चांगला.) अगं, शंका इथूनच सुरू होते. रचना सुंदर असेल, पण ती एका दाण्याची आहे. तू त्या कुपीतून सर्वांत देखणा दाणा सूक्ष्मदर्शकाखाली निवडलास. बाकीची कुपी काय आहे हे त्या दाण्याला माहीत नाही.

माझे पहिले देखणे स्फटिक कशाचे निघाले सांगू? रोडियमचं एक संयुग टोल्यूइनमध्ये विरघळवून, वर पेंटेनचा थर देऊन, शीतपेटीत महिनाभर ठेवलं होतं. (रोज उघडून बघायचं नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, तुला सांगते. हलवलेल्या नळीत स्फटिक वाढत नाहीत, चुरा वाढतो.) आले ते पारदर्शक, ठोकळ्यासारखे, हिऱ्यागत. संयुग लाल होतं आणि स्फटिक रंगहीन, यावरून तरी मला कळायला हवं होतं. ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड! कुठूनतरी शिरलेल्या हवेनं सुट्या झालेल्या फॉस्फिनला (धातूला चिकटणारं फॉस्फरसचं संयुग) पकडलं होतं. पुढे कळलं की फॉस्फिनवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या स्फटिकाची हीच कहाणी असते.

ही झाली हसण्यावारी नेण्याची चूक. वीस वर्षं टिकलेली चूक मॉलिब्डेनमची आहे, आणि ती तू नीट समजून घ्यावीस असं मला वाटतं. १९७१ मध्ये जोसेफ चॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनमच्या ऑक्सो-क्लोराइड-फॉस्फिन संयुगांचे दोन प्रकार मांडले, एक निळा, एक हिरवा. अणूंची मांडणी तीच, शेजार तोच. फरक एकच, मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंधाची लांबी. निळ्यात सुमारे १.६८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), हिरव्यात (तिथे फॉस्फिन किंचित वेगळं होतं) सुमारे १.८०. म्हणजे नुसता बंध ताणला की वेगळं संयुग! हे फार मोहक होतं. त्याला नाव मिळालं, बंध-ताण समघटकता. सिद्धांतवाल्यांनी गणितं मांडली, इतर धातूंतही उदाहरणं 'सापडू' लागली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात जेरार्ड पार्किन यांच्या गटानं अगदी बाळबोध प्रश्न विचारला: हिरवा नमुना शुद्ध आहे का? नव्हता. त्यात ऑक्सिजनच्या जागी क्लोरीन असलेलं ट्रायक्लोराइड मिसळलेलं होतं, आणि त्याचा रंग पिवळा. निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा, हे रंगपेटी हाताळणारं पोरही सांगेल! आणि लांबलेला बंध? दोन्ही रेणू एकाच आकाराचे, त्यामुळे एकाच स्फटिकात एकमेकांच्या जागी मजेत बसत होते. मॉलिब्डेनम-क्लोरीन बंध बराच लांब, २.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास. स्फटिकातल्या दर शंभर जागांपैकी काही थोड्या जागांवर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन असलं की एक्स-रेला दोघांची सरमिसळ दिसते आणि ऑक्सिजन आहे त्याहून लांब सरकल्यासारखा भासतो. भेसळ जितकी जास्त, बंध तितका 'लांब'.

मग एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या तपासणीत, ते पिवळं संयुग का दिसलं नाही? कारण त्यात जोडी नसलेले तीन इलेक्ट्रॉन आहेत. अशा अनुचुंबकीय संयुगाचे संकेत फाकतात आणि नेहमीच्या खिडकीबाहेर जाऊन बसतात. शोधायला गेलं तरच सापडतात. म्हणून तुझ्या कुपीचा एनएमआर एकदा अगदी रुंद खिडकीनं घे, उणे १०० ते अधिक २०० पीपीएम (संकेताची जागा सांगणारं माप). आणि मूलद्रव्य विश्लेषण कर. ते कंटाळवाणं असतं, कार्बनचा आकडा ०.४ टक्क्यांत बसवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि चांगला आकडा येईपर्यंत नमुने पाठवत राहायची खोडही लोकांना लागते (तू लावून घेऊ नकोस). पण दाण्याबद्दल न बोलता सगळ्या कुपीबद्दल बोलणारी तपासणी हीच.

एनएमआरचा विषय निघालाच आहे तर. वर्णपटातल्या उंच टोकाला इंग्रजीत पीक म्हणतात. पीक म्हटलं की आपल्याला शेत आठवतं, आणि वर्णपटातही तण पिकाइतकंच जोमानं उगवतं. तण ओळखायला आधी शीक. क्लोरोफॉर्ममध्ये ७.२६ ला द्रावक स्वतः, १.५६ ला पाणी, ०.०७ ला सिलिकोन ग्रीस, १.२६ आणि ०.८६ ला हायड्रोकार्बन ग्रीस. बेंझिन घेतलंस की पाणी सरकून ०.४० ला जातं आणि सिलिकोन ०.२९ ला. पुस्तकात बघून नव्हे, झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत हे आकडे. आणि शून्याच्या खाली बघायला विसरू नकोस. धातूला चिकटलेला हायड्रोजन बहुतेकदा उणे ५ ते उणे २५ च्या दरम्यान एखाद्या एकट्या घरासारखा उभा असतो, आणि यंत्राची नेहमीची खिडकी तिथवर पोचतच नाही. तो दिसतो तेव्हा जो आनंद होतो, त्याची सर इतक्या वर्षांत दुसऱ्या कशाला आली नाही मला.

फक्त तो क्लोरोफॉर्ममध्ये शोधू नकोस. मी शोधला होता. संध्याकाळी उणे १२ ला स्वच्छ दिसला, सकाळी गायब. धातूवरच्या हायड्रोजननं रात्रीत क्लोरोफॉर्मशी देवाणघेवाण करून क्लोरीन घेतलं होतं. द्रावक म्हणजे भिंत नव्हे, तोही खोलीतला माणूस आहे.

नायट्रोजनचंही तसंच. तू सगळं काम नायट्रोजनखाली करतेस, आणि पत्रात त्याला 'निष्क्रिय वातावरण' म्हणतेस. बहुतेक वेळा बरोबर. पण १९६५ मध्ये टोरांटोत ॲलन आणि सेनॉफ यांनी रुथेनियमला चिकटलेला अख्खा नायट्रोजन रेणू दाखवला, तोवर असं संयुग कुणी मिळवलं नव्हतं. तेव्हापासून अशी संयुगं ढिगानं झाली आहेत. लिथियमचा चकचकीत तुकडा नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) काळवंडतो. कमी ऑक्सिडेशन अवस्थेतल्या, भुकेल्या धातूंवर काम करायची वेळ आली की कुंपणच शेत खातं. तिथे आर्गॉन वापर.

पण आर्गॉन लाइनवर असताना सापळ्याला (पंपाआधी बाष्पं गोठवून धरणाऱ्या काचेच्या नळीला) द्रव नायट्रोजन लावून तो उघडा ठेवू नकोस. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. आर्गॉन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. म्हणजे दोघंही त्या सापळ्यात द्रव होऊन किंवा गोठून मुकाट्यानं साचतात. सापळ्यात फिकट निळा द्रव दिसला तर तो ऑक्सिजन आहे. खाली टोल्यूइन आणि वर द्रव ऑक्सिजन याला स्फोटक म्हणतात, दुसरं नाव नाही. तसं दिसलं तर नायट्रोजनचा थर्मास काढू नकोस, काचेला हात लावू नकोस. लाइन बंद न करता, कपाटाचा काचेचा पडदा खाली ओढून, सगळ्यांना खोलीबाहेर काढून जाणत्या माणसाला बोलाव.

आणि हातमोजे. कॅरन वेटरहान या डार्टमथ कॉलेजातल्या प्राध्यापक विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. १९९६ च्या ऑगस्टमध्ये एनएमआरसाठी डायमिथिल मर्क्युरी (पाऱ्याचं अत्यंत विषारी द्रव संयुग) हाताळताना त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर काही थेंब सांडले. त्या हवा ओढणाऱ्या कपाटात काम करत होत्या, मोजे घातले होते, त्या काळच्या समजुतीप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. लक्षणं दिसायला महिने गेले. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतर तपासलं तेव्हा कळलं, तो द्रव तसल्या मोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो. मी तुला घाबरवत नाहीये. प्रत्येक नवीन संयुगाआधी 'हे या मोज्यातून जातं का' एवढं विचारायला सांगतेय. 'मोजे घातलेत ना' हा प्रश्न अर्धाच आहे.

वहीबद्दल थोडंच. रंग लिही, वेळेसकट. 'संध्याकाळी ४.१०, जांभळ्याचा तपकिरी झाला, गार झाल्यावर परत जांभळा' असं. बाटलीचा लॉट, द्रावक कधी गाळला, बॉक्समधल्या ऑक्सिजनचा आकडा. तुझ्या पहिल्या तीन प्रयोगांच्या पानांवर लॉट नंबर नसणार, हे मला न बघताही माहीत आहे. माझ्याही नव्हते.

तुझे सर लेख लवकर पाठवू म्हणताहेत, ते मी समजू शकते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. 'मला वाटतं भेसळ आहे' असं म्हणत तर मुळीच जाऊ नकोस. त्यावर ते 'मला नाही वाटत' म्हणतील आणि दोघांचंही बरोबर असेल. जुन्या आणि नव्या बाटलीचे दोन आकडे टेबलावर ठेव आणि 'सर, काय करू या?' एवढंच विचार. शहाणा माणूस असेल तर दुसऱ्या दिवशी तोच म्हणेल, घालून बघ. आणि निघालं ते पॅलेडियम तर वाईट वाटून घेऊ नकोस; मँगनीजचं नुसतंच नाव होतं हे कळायला तुला तीन महिने लागले, मॉलिब्डेनमवाल्यांना वीस वर्षं लागली. निघालं भलतंच काही, उदाहरणार्थ मँगनीज आणि तांबं दोघं मिळून काम करताहेत आणि एकट्याला जमत नाही, तर मात्र मला लगेच फोन कर. रात्र असली तरी.

पुढच्या पत्रात रुंद खिडकीचा वर्णपट जोड. आणि जुनी बाटली सापडली का, ते आधी कळव.

तुझी,
मावशी

ता. क. उरलेली चिमूट एकदम वापरून टाकू नकोस. निम्मी ठेव. मोजणारी यंत्रंही कधीकधी खोटं बोलतात, पुन्हा विचारावं लागतं.